जुनं न्यूजरील बघायचं कसं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' अशी अक्षरं यायची आणि निम्मं थिएटर तेवढ्यात बाहेर एक चक्कर मारून यायचं. हे ज्यांना आठवतं त्यांना न्यूजरील म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की टीव्ही यायच्या आधी जगातल्या घडामोडी हलत्या चित्रांत बघायच्या तर थिएटरातच जावं लागे. ब्रिटनमध्ये आठवड्यातून दोनदा साधारण दहा मिनिटांचं नवं रीळ यायचं. त्यात एखादं युद्ध, एखादा राजा, घोड्यांची शर्यत, टोप्यांची नवी फॅशन आणि जाता जाता प्राणिसंग्रहालयातलं एखादं माकड. सगळं एका दमात.

दुसऱ्या महायुद्धाआधीची दहा वर्षं, म्हणजे १९२९ ते १९३९, हा या प्रकाराचा ऐन भराचा काळ. पडद्याला नुकताच आवाज फुटला होता, कंपन्यांमध्ये चुरस होती आणि जग रोज नवा विषय पुरवत होतं. त्यातलं पुष्कळसं आज घरबसल्या, फुकट बघता येतं. अडचण वेगळीच आहे. नवा माणूस तिथे शिरतो, रात्री दोनपर्यंत एकामागून एक बघत सुटतो आणि सकाळी डोक्यात हिटलर, विमानं आणि बँडबाजा यांचा नुसता काला उरतो.

तसं होऊ नये म्हणून हा लेख. सगळं सांगून झाल्यावर लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे, ती आधीच सांगतो. न्यूजरीलमधलं चित्र आणि त्यातला आवाज हे दोन वेगळे साक्षीदार आहेत. दोघांची जबानी वेगवेगळी घ्यायची, मगच ती जुळते का ते बघायचं.

पायरी १: कुठे बघायचं

सुरुवात 'ब्रिटिश पाथे'पासून करा. त्यांनी २०१४ मध्ये आपल्या संग्रहातल्या सुमारे ८५,००० फिल्म्स यूट्यूबवर टाकल्या. कोंबड्याचं बोधचिन्ह दिसलं की समजायचं पाथे. दुसरी मोठी जागा 'ब्रिटिश मूव्हीटोन'. हा संग्रह असोसिएटेड प्रेसने २०१५ मध्ये यूट्यूबवर आणला. अमेरिकन बाजूने बघायचं असेल तर 'इंटरनेट आर्काइव्ह'वर 'युनिव्हर्सल न्यूजरील' शोधा. हा संग्रह कंपनीने १९७० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला देऊन टाकला, त्यामुळे तो उतरवून घ्यायलाही मोकळा आहे.

इटलीची सरकारी बाजू 'इस्तितुतो लुचे'च्या संग्रहात मिळते. ही संस्था १९२४ ची. मुसोलिनीच्या राजवटीत तिची रिळं दाखवणं थिएटरांना सक्तीचंच होतं. भाषा कळली नाही तरी बघा. गर्दीवरून कॅमेरा कसा फिरवायचा आणि नेत्याला खालून कसा दाखवायचा, याचा वस्तुपाठ तिथे आहे.

एक जागा नवख्यांना सहसा माहीत नसते. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना विद्यापीठाकडे 'फॉक्स मूव्हीटोन न्यूज'च्या कच्च्या फिती आहेत. कच्च्या म्हणजे संकलनाआधीच्या, निवेदकाचा आवाज न चढवलेल्या. वक्ता अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, मागून कोणीतरी सूचना देतं, हे सगळं त्यात राहिलेलं असतं. तयार न्यूजरील भरपूर बघून झाली की इकडे या. आधी आलात तर कंटाळा येईल.

शोधताना नावं इंग्रजी स्पेलिंगने टाका आणि त्या काळची स्पेलिंगं वापरून बघा. आजचं बीजिंग तेव्हा पेकिंग होतं, इथिओपिया ॲबिसिनिया होता, मुंबई अर्थातच बॉम्बे. नुसतं गांधी टाकण्यापेक्षा 'मिस्टर गांधी' टाकून बघा, वेगळे निकाल येतात.

पायरी २: एकच घटना धरा

'१९३० चं दशक' हा विषय नव्हे, समुद्र आहे. एक तारीख, एक गाव धरा आणि त्या घटनेची जितक्या कंपन्यांची रिळं सापडतील तितकी शेजारी-शेजारी ठेवा. सरावाला चांगल्या अशा तीन घटना सुचवतो. ९ ऑक्टोबर १९३४, फ्रान्सच्या मार्सेय बंदरात युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांची हत्या. ६ मे १९३७, न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला हिंडेनबर्ग या वायूने भरलेल्या अवाढव्य हवाई जहाजाला लागलेली आग. आणि ३० सप्टेंबर १९३८, हिटलरशी म्युनिक करार करून ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर उतरले तो दिवस. पुढच्या पायऱ्यांत याच तीन घटना घेऊन काम करू.

पायरी ३: पहिल्यांदा आवाज बंद

हो, पूर्ण बंद. आणि हातात वही घ्या. डावीकडे वेळ, उजवीकडे प्रत्येक शॉटमध्ये काय दिसतं ते एका ओळीत. कॅमेरा कुठे आहे, किती उंचीवर आहे, ऊन की ढग, लोक कॅमेऱ्याकडे बघताहेत का, तोच माणूस पुढच्या शॉटमध्ये त्याच कपड्यांत आहे का. दोन मिनिटांच्या तुकड्याला पहिल्या वेळी अर्धा तास लागेल. लागू द्या.

मार्सेयचं रीळ असं बघा. राजा बोटीतून उतरतो. उघड्या मोटारीत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्तू शेजारी बसतात. मोटारीच्या दोन्ही बाजूंना रुंद पायऱ्या आहेत आणि गाडी माणूस चालेल त्या वेगाने सरकते आहे. बंदोबस्त म्हणावा तर घोड्यावरचे मोजके अधिकारी. आवाज बंद असताना हे जाणवतं आणि अंगावर येतं, कारण एका मारेकऱ्याला त्या पायरीवर उडी मारायला काहीच आडवं येणार नाही हे चित्रच सांगत असतं. मग धावपळ, घोडेस्वाराची उगारलेली तलवार, माणसांचा लोंढा, आणि मागच्या सीटवर कलंडलेला राजा. इतक्या जवळून, की आजही कोणत्याही वाहिनीचं संपादकमंडळ ते दाखवायला सहज तयार होईल असं वाटत नाही.

आता वहीतल्या ओळी पुन्हा वाचा. गोळी झाडल्याचा क्षण कुठे आहे? नाही. आधीचं आहे, लगेच नंतरचं आहे, मधला क्षण कॅमेऱ्यात सापडलेलाच नाही. तरी हे रीळ बघितलेला जवळजवळ प्रत्येक जण 'राजाला गोळी लागताना बघितलं' असं सांगतो. संकलनातल्या दोन शॉटच्या सांध्यातून तो क्षण आपण आपल्याच मनाने तयार करतो. शॉटची यादी करायची ती याच साठी.

या घटनेला आणखी एक शेपूट आहे. बार्तूही त्या दिवशी दगावले. मारेकऱ्याने दोघांना मारलं असंच अनेक वर्षं धरलं गेलं. बार्तू यांना लागलेली गोळी पोलिसांची होती, हे १९७४ मध्ये उघड झालं. रिळातला तो गोंधळ हे माहीत असताना पुन्हा बघा. फिल्म तीच आहे, पण नजर पोलिसांच्या हातांकडे जाते.

जाता जाता वेगाबद्दल. माणसं तुरुतुरु, बाहुल्यांसारखी चालताना दिसली तर ती फिल्म बहुधा मूकपटाच्या काळातली आहे आणि आजच्या वेगाने चालवली आहे. बोलपटानंतर सेकंदाला २४ चौकटी हे माप पक्कं झालं. १९३५ ची म्हणून दाखवलेली फिल्म तुरुतुरु पळत असेल तर तारखेवर शंका घ्या.

पायरी ४: आता आवाज, पण चित्राशिवाय

दुसऱ्या फेरीत डोळे मिटा, किंवा मोबाइल उलटा ठेवा, आणि फक्त ऐका. यात तीन थर असतात: निवेदक, संगीत, आणि घटनास्थळाचा आवाज. पहिले दोन स्टुडिओत चढवलेले. तिसराही पुष्कळदा स्टुडिओतलाच.

हे ओळखायचं कसं? त्या काळची यंत्रं माहीत असली की सोपं जातं. आवाज मुद्रित करणारा कॅमेरा जड असे, त्याचं सामान मोटारीतून न्यावं लागे, तारा ओढाव्या लागत. म्हणजे जिथे कार्यक्रम आधी ठरलेला आहे तिथेच तो पोचणार: भाषण, विमानतळ, राज्याभिषेक, जहाजाला निरोप. युद्ध, दंगल, भूकंप इथे कॅमेरामन आयमो नावाचा हातातला छोटा कॅमेरा घेऊन पळायचा. आयमोत १०० फुटांचं रीळ बसतं, म्हणजे मिनिटाहून थोडं जास्त. आवाज नाही. त्यामुळे शांघायच्या किंवा माद्रिदच्या बॉम्बफेकीत जो धडाम ऐकू येतो, तो बहुतेक वेळा लंडन किंवा न्यूयॉर्कच्या ध्वनिसंग्रहातला असतो. चौकटीत मायक्रोफोन दिसतो का, तो बघा. दिसला तर आवाज खरा असण्याची शक्यता वाढते. एकच टाळ्यांचा कडकडाट वेगवेगळ्या बातम्यांत जसाच्या तसा ऐकू आला तर काय समजायचं ते सांगायला नको.

हिंडेनबर्ग इथे कामाला येतं. जहाजावर ९७ माणसं होती. मृतांचा आकडा ३६, त्यात जमिनीवरचा एक कामगार. उतरण्याचा कार्यक्रम ठरलेला असल्याने पाथे, मूव्हीटोन, हर्स्ट आणि पॅरामाउंट अशा चार कंपन्यांचे कॅमेरे हजर होते, तरी आगीची पहिली ठिणगी एकाही कॅमेऱ्यात नाही. आणि तो रडवेला, फाटलेला आवाज? तो न्यूजरीलचा नाहीच. हर्बर्ट मॉरिसन हे शिकागोच्या डब्ल्यूएलएस या रेडिओ केंद्राचे वार्ताहर. ते तिथे तबकडीवर ध्वनिमुद्रण करत होते आणि ते दुसऱ्या दिवशी रेडिओवर वाजलं. आज आपण जी क्लिप बघतो, तीत एका माध्यमाचं चित्र आणि दुसऱ्या माध्यमाचा आवाज नंतर कोणीतरी जोडून दिला आहे. मॉरिसन यांचं यंत्र जरा हळू चालत होतं, त्यामुळे तबकडी वाजवताना त्यांचा आवाज मुळापेक्षा चिरका येतो. म्हणजे त्या आवाजातला कंप काही प्रमाणात यंत्राचाही आहे. १९३७ मध्ये थिएटरात बसलेल्या माणसाने याच चित्रांवर स्टुडिओतल्या निवेदकाचा सराईत आवाज ऐकला. दोन्ही प्रकारच्या क्लिप शोधा आणि पाठोपाठ बघा. या एका सरावातून जे कळतं ते मी इथे आणखी चार परिच्छेद लिहूनही कळणार नाही.

चेंबरलेनची गोष्ट उलटी आहे. तिथे आवाज अस्सल आहे, घोटाळा आपल्या आठवणीचा आहे. हेस्टनच्या रिळात ते मायक्रोफोनसमोर उभे राहतात, वाऱ्यावर फडफडणारा कागद उंच धरतात आणि सांगतात की यावर हिटलर यांची आणि माझी सही आहे. मग तो वाचून दाखवतात: आपल्या दोन्ही देशांना पुन्हा कधी एकमेकांशी युद्ध करायचं नाही. लोक आरोळ्या देतात. ते जगप्रसिद्ध 'आमच्या काळापुरती शांतता' हे वाक्य कुठे आहे? या रिळात नाही. ते त्यांनी त्याच संध्याकाळी डाउनिंग स्ट्रीटच्या खिडकीतून उच्चारलं. पण वर्षानुवर्षं विमानतळावरच्या चित्राखाली तेच वाक्य छापलं जातं आणि बघणाऱ्यांना ते ऐकू आल्यासारखंही वाटतं.

शिवाय चेंबरलेन त्या महिन्यात जर्मनीला तीनदा गेले: १५, २२ आणि २९ सप्टेंबरला निघाले. तिन्ही वेळा विमानतळ, टोपी, गर्दी तीच. यूट्यूबवरच्या शीर्षकांत या फेऱ्यांची सर्रास सरमिसळ होते. शेक्सपिअरचं वाक्य म्हणताना दिसले, संकटाच्या खाजकुयलीतून सुरक्षिततेचं फूल खुडण्याबद्दलचं, तर ती २९ तारखेची निघतानाची फिल्म. कागद दिसला तर ३०.

पायरी ५: कंपनी आणि तारीख पक्की करा

यूट्यूबवरच्या शीर्षकावर विश्वास ठेवू नका. 'रेअर फुटेज १९३९' असं लिहिलेलं असतं आणि आत तीन वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे असतात. त्याच कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर जा. तिथे बातमीचा क्रमांक, प्रदर्शनाची तारीख आणि शॉटचं वर्णन असतं. तारीख प्रदर्शनाची आहे की चित्रीकरणाची, हे नीट बघा. शांघायहून लंडनला फिल्म पोचेपर्यंत आठवडे जात. मुंबईला रिळं यायची तर आगबोटीचा प्रवास धरावा लागे.

निवेदकाचा आवाज हाही तारखेचा पुरावा असतो. युनिव्हर्सलच्या रिळांवर या काळात ग्रॅहम मॅकनॅमी, अमेरिकन मूव्हीटोनवर लोवेल थॉमस, गोमाँ ब्रिटिशवर ई. व्ही. एच. एमेट. ब्रिटिश मूव्हीटोनवरचे लेस्ली मिचेल १९३८ मध्ये आले, म्हणजे १९३६ च्या म्हणवल्या जाणाऱ्या रिळावर त्यांचा आवाज असेल तर काहीतरी गडबड आहे. पाथेचा तो खणखणीत, जरा लष्करी थाटाचा आवाज बॉब डॅन्व्हर्स-वॉकर यांचा. ते पाथेत १९४० मध्ये आले. १९३० च्या दशकातल्या चित्रांवर त्यांचं निवेदन ऐकू आलं तर ते नंतर चढवलेलं. हे आवाज दोन-तीन आठवड्यांत ओळखीचे होतात. क्रिकेटच्या समालोचकांचे होतात तसेच.

आणखी एक गाळण लावा. अमेरिकेतली 'मार्च ऑफ टाइम' ही १९३५ पासूनची मालिका न्यूजरीलसोबत सापडते, पण तिची जात वेगळी. महिन्यातून एकदा, एकेका विषयावर जास्त वेळ, आणि त्यात प्रसंग नटांकडून करवून घेतलेले असत. त्यांनी ते फारसं लपवलंही नाही. १९३८ चा नाझी जर्मनीवरचा त्यांचा भाग जरूर बघा, पण त्यातला प्रत्येक शॉट बर्लिनचा आहे असं समजू नका.

वर्तमानपत्राशी ताडून बघणं हे शेवटचं. मोठ्या ग्रंथालयांत जुन्या फायली असतात. त्याच आठवड्याचा अंक काढा. रिळात जे दहा सेकंदांत उरकलंय त्याला पेपरात दोन स्तंभ असतील, आणि रिळाने ज्या जलशावर दीड मिनिट घालवलंय त्याची पेपरात ओळही नसेल.

पायरी ६: काय दाखवलं नाही ते शोधा

नवखे लोक ही पायरी वगळतात. माझ्या मते खरी मजा इथेच आहे.

१२ डिसेंबर १९३७. चीनमधल्या यांगत्से नदीत, नानजिंगपासून जवळच, 'पनाय' ही अमेरिकन गनबोट जपानी विमानांनी बुडवली. योगायोगाने बोटीवर युनिव्हर्सलचे नॉर्मन ॲली आणि मूव्हीटोनचे एरिक मेयल हे दोन कॅमेरामन होते. दोघांनी हल्ला टिपला. जपान सरकारचं म्हणणं, वरून झेंडा ओळखू आला नाही, चूक झाली. ॲलींच्या फिल्ममध्ये मात्र विमानं इतकी खाली आलेली होती की हे म्हणणं टिकलं नसतं. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली आणि सुमारे ३० फूट फिल्म काढून टाकण्यात आली. आता हिशेब करा. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. ३० फूट म्हणजे २० सेकंद. अमेरिका आणि जपान यांच्यातलं युद्ध आणखी चार वर्षं पुढे गेलं त्याला बरीच मोठमोठी कारणं होती, पण त्या डिसेंबरात भडका उडू नये म्हणून या २० सेकंदांवर कात्री चालली. रीळ आज बघता येतं. बघताना विमानांच्या शॉटपाशी थांबा आणि ते किती लांबून घेतलेत ते बघा.

लोकशाही देशात सरकार काही सांगत नसे, असा समज असेल तर ब्रिटनकडे या. तिथे न्यूजरीलला सिनेमासारखी सेन्सॉरची कात्री नव्हती. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटिश पॅरामाउंटने चेंबरलेन यांच्या धोरणावर टीका करणाऱ्या मुलाखती रिळात घातल्या. त्यात 'द टाइम्स'चे माजी संपादक विकम स्टीड आणि पत्रकार ए. जे. कमिंग्ज होते. सरकारने थेट हुकूम काढला नाही. अमेरिकेचे राजदूत जोसेफ केनेडी यांच्यामार्फत मूळ अमेरिकन कंपनीकडे शब्द टाकला, आणि मुलाखती रिळातून गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९३७ मध्ये, सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाला कॅमेरे वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरले ते या अटीवर, की कँटरबरीचे आर्चबिशप आणि ड्यूक ऑफ नॉरफोक आधी फिल्म बघणार आणि नको ते काढायला लावणार.

कधी कंपनी स्वतःच घाबरते. ३० मे १९३७ ला शिकागोत रिपब्लिक स्टीलच्या संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. पॅरामाउंटच्या कॅमेरामनकडे ती फिल्म होती. कंपनीने दाबून ठेवली. थिएटरात दंगा होईल, हे कारण. सिनेटच्या समितीने ती मागवून घेतली, तेव्हा पोलिसांनी आणि बहुतेक वर्तमानपत्रांनी सांगितलेली हकिगत आणि फिल्म यांचा मेळ बसेना. त्यानंतरच ती लोकांसमोर आली.

म्हणून घटना निवडली की एक प्रश्न वहीत लिहूनच ठेवा: इथे कॅमेरा कोणाच्या परवानगीने उभा आहे?

पायरी ७: आपल्याकडचं

हिंदुस्थानात हे काम मुंबईकर मराठी माणसाने फार लवकर सुरू केलं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १९०१ मध्ये केंब्रिजहून गणितातला 'रँग्लर' हा मान मिळवून परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचं चित्रण केलं. भारतातलं पहिलं न्यूजरील म्हणून त्याचाच उल्लेख होतो.

१९३० च्या दशकात मात्र आपल्याबद्दलची जी रिळं आज सहज मिळतात त्यातली बरीचशी परदेशी कंपन्यांची आहेत, आणि ती बघताना वरच्या सगळ्या पायऱ्या दुप्पट कसोशीने वापराव्या लागतात. १९३१ ची गांधीजींची मूव्हीटोन मुलाखत जरूर बघा. बोलपटातलं त्यांचं हे पहिलं दर्शन समजलं जातं. प्रश्न विचारणारा एकामागून एक विचारत जातो आणि गांधीजी दोन-तीन शब्दांत उत्तर देऊन गप्प. त्या गप्प बसण्यातच मुलाखतीची गंमत आहे. त्याच वर्षी ते दुसऱ्या गोलमेज परिषदेला गेले, तेव्हा लँकेशायरमधल्या डार्वेनला गिरणी कामगारांमध्ये मिसळले, तेही टिपलेलं आहे. विदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांच्या पोटावर पाय आला तेच लोक हसत त्यांच्याभोवती उभे आहेत. आवाज बंद करून चेहरे बघा.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळची चित्रणं मात्र इथल्या प्रांतिक सरकारांनी दाखवू दिली नाहीत. म्हणजे दांडीच्या काळात लंडनचा माणूस जे बघू शकत होता ते गिरगावातला बघू शकत नव्हता. तमिळ लेखक आणि चित्रपटकार ए. के. चेट्टियार यांनी पुढे देशोदेशी फिरून गांधीजींची अशी विखुरलेली चित्रणं जमवली आणि १९४० मध्ये त्यांचा माहितीपट केला. आज आपण गांधीजींचं म्हणून जे हलतं चित्र बघतो त्यामागे अशी जमवाजमव आहे.

मराठी वाचकासाठी एक खास काम सुचवतो. नोव्हेंबर १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेची रिळं काढा. डॉ. आंबेडकर, मु. रा. जयकर, डॉ. मुंजे, सयाजीराव गायकवाड, सगळे प्रतिनिधी होते. सूचीत नावं सापडतील ती महाराजांची आणि ब्रिटिश मंत्र्यांची. परिषदेचं छापील समूहछायाचित्र शेजारी ठेवा आणि चौकट थांबवून चेहरे जुळवा. चुकीचा माणूस 'सापडण्याचा' धोका आहे, म्हणून निदान दोन वेगळ्या शॉटमध्ये पटल्याशिवाय नाव लिहू नका.

प्रत्यक्ष जाऊन बघायचं असेल तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मुंबईत पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात, गुलशन महालात, भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय २०१९ मध्ये उघडलं. जुनं काही मिळत नाही म्हणून कुरकुर करण्याआधी हेही माहीत असावं की त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, भराभर पेट घेणारी. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत आपला फार मोठा ठेवा गेला. साम्राज्याच्या बाजूने चित्रित झालेल्या फिल्म्सची 'कलोनियल फिल्म' नावाची ब्रिटिश सूची ऑनलाइन आहे. फिल्म बघायला मिळाली नाही तरी तिथली टिपणं वाचण्याजोगी आहेत.

पायरी ८: पुढे पाठवायच्या आधी

हक्कांचं बघा. युनिव्हर्सलचं वापरायला हरकत नाही. पाथे आणि मूव्हीटोनचं बघायला फुकट असलं तरी आपल्या व्हिडिओत वापरायचं तर परवाना घ्यावा लागतो. 'जुनं आहे, चालतं' असं म्हणून चॅनेलवर टाकणाऱ्यांचे व्हिडिओ उडालेले आहेत.

आणि घरच्या ग्रुपवर क्लिप टाकताना सोबत एक ओळ लिहा: कंपनी, प्रदर्शनाची तारीख, ठिकाण, आणि आवाज मूळचा की नंतरचा. उदाहरणार्थ: 'हिंडेनबर्ग, लेकहर्स्ट, ६ मे १९३७. चित्र न्यूजरीलचं. आवाज हर्बर्ट मॉरिसन यांच्या रेडिओ मुद्रणाचा, नंतर जोडलेला.' काकांचा 'फारच छान' असा अंगठा येईलच, पण निदान पुढे जाणारी क्लिप तिच्या नावगावासकट जाईल.